सेवेचा हिशेब

सेवा हा आपल्या समाजातील मोठ्या आदराचा शब्द आहे, आणि आदराच्या शब्दांना प्रश्न विचारण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. आपल्या धर्मादाय इस्पितळांचे वार्षिक अहवाल उघडून पाहा. बाह्यरुग्ण विभागात वर्षभरात किती जणांना तपासले, किती खाटा वाढल्या, नवे यंत्र कोणाच्या देणगीतून आले, मोफत शिबिरे किती झाली, उद्घाटनाला कोण पाहुणे आले, हे सारे तेथे छायाचित्रांसह सापडते. परंतु दाखल झालेल्यांपैकी किती जण बरे होऊन घरी गेले, किती दगावले, शस्त्रक्रियेनंतर किती जखमांत पू झाला, किती बाळंतिणी रक्तस्रावाने अत्यवस्थ झाल्या, याची एक ओळही बहुतेक अहवालांत नसते. देणगीच्या पैन्‌पैचा हिशेब लेखापरीक्षकाकडून तपासून घेणारा समाज प्राणांचा हिशेब मात्र कोणाकडेच मागत नाही. या मौनाविषयी मला स्पष्ट बोलायचे आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. रुग्णाला जो उपचार द्यायचा तो गुणकारी असल्याचा पुरावा मागणे, आणि आपण दिलेल्या उपचाराचे पुढे काय झाले याची नोंद ठेवून त्या पुराव्यात भर घालणे, ही दोन्ही कर्तव्ये मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांइतकीच तालुक्याच्या गावातील पन्नास खाटांच्या इस्पितळाचीही आहेत. ही कर्तव्ये टाळून केलेली सेवा कितीही प्रेमळ असली तरी ती अपुरी असते. कधी कधी ती घातकही ठरते.

'पुराव्याधिष्ठित उपचार' हा शब्दप्रयोग ऐकला की अनेकांना वाटते, येथे डॉक्टरांच्या अनुभवाला काडीची किंमत नाही. सारा कारभार पुस्तकी आकड्यांचा. हा गैरसमज आहे. या विचाराची पायाभरणी करणाऱ्यांपैकी एक, डॉ. डेव्हिड सॅकेट यांनी १९९६ साली आपल्या सहकाऱ्यांसह त्याची जी व्याख्या केली, तीत संशोधनातून मिळालेला उत्तम पुरावा, डॉक्टरांचे स्वतःचे कसब आणि रुग्णाची इच्छा या तिन्ही गोष्टींना स्थान होते. अनुभव बाद करा असे कोणी म्हटलेले नाही. अनुभव एकटा पुरेसा नाही, एवढेच म्हटले आहे.

तो का पुरेसा नाही, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. डोक्याला जबर मार लागून बेशुद्ध झालेल्या रुग्णाला स्टिरॉइडचे इंजेक्शन देण्याची पद्धत अनेक देशांत तीस वर्षे चालू होती. मेंदूची सूज उतरेल आणि रुग्ण वाचेल, हा त्यामागचा तर्क ऐकणाऱ्याला सहज पटे. पुढे 'क्रॅश' नावाच्या चाचणीत दहा हजारांहून अधिक रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे कोणतीही निवड न करता, दोन गट पाडण्यात आले. एका गटाला स्टिरॉइड दिले, दुसऱ्याला औषध नसलेले तसेच दिसणारे इंजेक्शन दिले. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन आठवड्यांत स्टिरॉइड मिळालेल्यांपैकी सुमारे २१ टक्के दगावले. न मिळालेल्यांपैकी सुमारे १८ टक्के. म्हणजे ज्या औषधाने जीव वाचतो अशी श्रद्धा होती, त्याने शंभरामागे तीन जीव अधिक जात होते.

एवढी वर्षे हे कोणाच्या ध्यानात कसे आले नाही? ते डॉक्टर निष्काळजी होते काय? मुळीच नाही. गंभीर जखमी झालेल्यांपैकी काही जण जगतात, काही मरतात, हे रोजच दिसत असते. शंभरातील तीन मृत्यूंचा फरक एका डॉक्टराच्या, एका वॉर्डाच्या, एका इस्पितळाच्या नजरेला कधीच दिसू शकत नाही. जो वाचला तो औषधाने वाचला आणि जो गेला तो दुखापतीने गेला, असेच मन मानीत राहते. हा मनुष्यस्वभाव आहे. त्याला हेतूची शुद्धता हा उतारा नाही. मोजणे हाच उतारा आहे.

आपण सर्वांनी हाच धडा अलीकडे घरच्या उंबरठ्यावर अनुभवला. कोविडच्या काळात प्लाझ्मासाठी किती धावाधाव झाली! बऱ्या झालेल्या माणसांची रक्तगटासह यादी घेऊन तरुण मुले रात्री-अपरात्री रक्तपेढ्यांच्या दारी उभी राहिली. त्या धावपळीतील माणुसकीला माझा नमस्कार आहे. पण सत्य काय होते? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर प्लाझ्माची रीतसर चाचणी घेतली होती. आजार बळावण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण प्लाझ्मा मिळालेल्यांत १९ टक्के आणि न मिळालेल्यांत १८ टक्के निघाले. म्हणजे लाभ नाही. हा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्येच जगापुढे आला. तरीही प्लाझ्माचा उपचार सरकारी मार्गदर्शक सूचनांतून गाळला गेला तो मे २०२१ मध्ये. मधल्या सात महिन्यांत, विशेषतः दुसऱ्या लाटेच्या त्या भयंकर आठवड्यांत, किती कुटुंबांनी उसनवारी केली, जिवाचा धोका पत्करला, आणि प्लाझ्मा मिळाला नाही म्हणून आपला माणूस गेला हा सल उराशी बाळगला! पुरावा आपल्याच देशात, आपल्याच रुग्णालयांत तयार झाला होता. पण तो वाचण्याची आणि मानण्याची सवय आपल्याला नव्हती.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. संशोधन हे मोठ्या संस्थांचे काम; आमच्याकडे ना प्रयोगशाळा, ना प्राध्यापक. आम्ही आपले गरिबांचे अश्रू पुसावेत, हेच बरे. या नम्रतेच्या आड आळस दडलेला असतो, असे मला वाटते. महाडचे उदाहरण घ्या. कोकणातला लाल विंचू चावला म्हणजे घाम सुटतो, हातपाय गार पडतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. पूर्वी पश्चिम भारतात अशा गंभीर रुग्णांपैकी शंभरात पंचवीस ते तीस दगावत. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा त्यांच्याजवळ कोणती प्रयोगशाळा होती? रुग्णाच्या खाटेशेजारी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब आणि श्वास यांच्या तासातासाच्या नोंदी केल्या. त्या नोंदींतून रक्तदाबावर वापरले जाणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध या विषबाधेवर चालते, हे त्यांनी दाखवून दिले. 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकाने ते छापले. मृत्यूचे प्रमाण शंभरात एकाच्या घरात उतरले.

मला याहूनही मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. ज्या औषधाने त्यांचे नाव झाले, त्याच औषधाची परीक्षा बावस्कर दांपत्याने महाडच्या आपल्या इस्पितळात घेतली. विंचूदंशाच्या ७० रुग्णांचे दोन गट केले. पस्तीस जणांना केवळ प्राझोसिन दिले. उरलेल्या पस्तीस जणांना प्राझोसिनबरोबर विंचवाच्या विषावरील प्रतिविष दिले. दहा तासांच्या आत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात आठ, दुसऱ्या गटात बत्तीस. २०११ साली हा निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याच उपचारापेक्षा अधिक चांगला उपचार आहे, हे जगाला सांगणारा हा डॉक्टर तालुक्याच्या गावात बसलेला होता. विंचू चावतो तो शेतात, भातखाचरात. महानगरातील विशेषज्ञाने तो रुग्ण पाहिलाच नाही, तर त्याचा पुरावा तो गोळा करणार कुठून? जे रोग गरिबांचे, त्यांचे ज्ञानही गरिबांच्या इस्पितळातच जन्माला येणार.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी हेच केले. ३९ गावांतील थोडे शिकलेल्या आरोग्यसेविकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले, आणि शेजारच्या गावांतील बालमृत्यूंशी तुलना करीत काटेकोर मोजणी ठेवली. जन्मल्यापासून महिन्याच्या आत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण हजारी ६२ वरून साडेपंचवीसवर आले. हा पुरावा १९९९ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन नवजात बाळे तपासू लागल्या, त्यामागे या गावांतील नोंदवह्या आहेत. मोजणी ठेवली नसती तर ती गडचिरोलीपुरती एक सुंदर सेवा राहिली असती आणि तिच्या प्रणेत्यांबरोबर संपली असती.

आणि अनेक लहान इस्पितळे एकत्र आली तर? ब्रिटनमध्ये कोविडच्या काळात सुमारे पावणेदोनशे रुग्णालये 'रिकव्हरी' या एकाच चाचणीत सामील झाली. त्यांत जिल्ह्याची साधी रुग्णालयेही होती. मार्च २०२० मध्ये काम सुरू झाले आणि जूनमध्ये उत्तर हाती आले. डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने कृत्रिम श्वासावरील रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी होतात, ऑक्सिजनवरील रुग्णांचे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना लाभ नाही. आता आपल्याकडे पाहू. गुंटूरला आयुष्य वेचलेल्या सिस्टर डॉ. मेरी ग्लोवरी यांच्या पुढाकाराने १९४३ साली जी संघटना उभी राहिली, त्या कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडियाच्या छत्राखाली आज हजारो संस्था आहेत. त्यांतील शंभर इस्पितळांनी सर्पदंश, बाळंतपणातील रक्तस्राव किंवा क्षयरोग यांपैकी एकाच आजाराची एकाच नमुन्यात नोंद ठेवायचे ठरवले, तर केवढे ज्ञान हाती येईल! ते होत नाही याला पैशाची चणचण हे कारण मला पटत नाही.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. संशोधनाच्या नावाखाली गरिबांना प्रयोगाचे उंदीर केले जाते, असे लोक म्हणतात. तसे घडलेले आहे. २००९-१० मध्ये खम्मम जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा जो प्रकल्प झाला, त्यात आदिवासी वसतिगृहांतील अनेक मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी अधीक्षकांच्या सह्या होत्या. संसदीय समितीने २०१३ साली त्यावर कठोर ताशेरे ओढले. आपल्या महाराष्ट्रातही, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यात, याच कर्करोगाच्या तपासणीची एक मोठी चाचणी झाली. १,३१,७४६ स्त्रिया तीत सहभागी होत्या. गावांचे चार गट होते. तीन गटांना तीन निरनिराळ्या तपासण्या मिळाल्या आणि चौथ्या गटातील एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांना तपासणी न देता माहिती दिली गेली. आठ वर्षांत विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया मरण पावल्या. तपासणी न झालेल्या गटात ६४. त्या चौथ्या गटाविषयी पुढे तीव्र नैतिक वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

या अन्यायावरचा उपाय काय? संशोधन बंद करणे हा नव्हे. रुग्णाच्या भाषेत समजावून घेतलेली संमती, डॉक्टरांबरोबर सामान्य नागरिकही बसतात अशी एथिक्स कमिटी, सर्वांना पाहता येईल अशी सरकारी नोंदणी, आणि इजा झाल्यास भरपाई, हा त्यावरचा उपाय आहे. २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंदणी आपल्या देशात सक्तीची आहे. २०१९ च्या नियमांनी संमती आणि भरपाईच्या अटी बांधून दिल्या आहेत. आपण त्या समित्यांवर जाऊन बसावे आणि अडचणीचे प्रश्न विचारावेत. आणि आक्षेप घेणाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार करावा. एखाद्या दवाखान्यात पुराव्याविना, सवयीने, वर्षानुवर्षे जे औषध दिले जाते, तोही प्रयोगच आहे. फक्त त्यात रुग्णाला विचारलेले नसते, नोंद ठेवलेली नसते आणि त्यातून कोणी काही शिकत नाही. त्या प्रयोगाविरुद्ध कोणी मोर्चा काढत नाही.

धाराशिवच्या त्या स्त्रियांचे ऋण तर आपण अजून फेडलेलेच नाही. त्यांनी दिलेला पुरावा २००९ साली जगभर गेला: तिशी ओलांडलेल्या स्त्रीची ही तपासणी आयुष्यात एकदा झाली, तरी या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे होतात. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत काय दिसले? तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी या कर्करोगाची तपासणी कधी तरी झालेल्या शंभरात दोनही नव्हत्या. ज्या इस्पितळाच्या आवारात रोज शेकडो स्त्रिया येतात, त्या इस्पितळाने हे वाचून स्वस्थ बसावे काय? पुरावा मिळवताना झालेल्या अन्यायाबद्दल आपण बोलतो. मिळालेला पुरावा न वापरण्याच्या अन्यायाबद्दल चकार शब्द काढत नाही.

तिसरा आक्षेप खर्चाचा. त्याला फार वेळ देण्याचे कारण नाही. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि शेवटी मोठ्याने वाचायची एकोणीस मुद्द्यांची एक यादी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केली. जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ती पारखून पाहण्यात आली. दिल्लीचे सेंट स्टीफन्स हे मिशनचे रुग्णालय त्यांपैकी एक. २००९ साली निष्कर्ष आले: शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर उतरले, गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. हा उपचार म्हणजे छापील कागदाचे एक पान होते. ज्यांना तेही परवडत नाही, त्यांनी नव्या इमारतीच्या दर्शनी भागासाठी संगमरवर मागवू नये.

आता थोडे आपल्याविषयी, कुटुंबांविषयी. रुग्णांना भेटायला गेलेल्या आम्हा धर्मगुरूंना एक तक्रार हमखास ऐकू येते: "फादर, डॉक्टरांनी साधी सलाईनसुद्धा लावली नाही!" अर्धा लिटरच्या त्या बाटलीत पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते, जेमतेम एक लहान चमचा. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजले. तेथील मृत्यूंचे प्रमाण शंभरात तीसच्या आसपास होते. ते चारच्याही खाली आले. पुराव्याने सिद्ध झालेला तो घोट आपल्याला क्षुद्र वाटतो आणि सुई टोचली की समाधान होते. डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिले नाही म्हणून दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढणारे आपणच. डॉक्टर पुराव्याने वागावेत असे म्हणायचे असेल, तर 'याची गरज आहे का आणि हे कशावरून?' असा प्रश्न नम्रपणे विचारायला आणि 'औषधाची गरज नाही' हे उत्तर शांतपणे ऐकून घ्यायला आपणही शिकले पाहिजे.

सेवेचा आदर्श म्हणून आपण चांगल्या शोमरोन्याकडे बोट दाखवतो. त्याची गोष्ट नीट वाचावी. जखमांवर त्याने त्या काळी ठाऊक असलेलाच उपचार केला, तेल आणि द्राक्षारस. मनाला येईल ते ओतले नाही. उतारशाळेत पोहोचवून पैसे दिले, आणि परत येताना उरलेले देईन असे सांगून गेला. तो परत येणार होता. जखमा भरल्या की नाही, हे त्याला कळणार होते. आपली दया पुष्कळदा डिस्चार्जच्या कागदापाशी संपते. रुग्ण फाटकाबाहेर पडला की त्याचे पुढे काय झाले हे विचारायला कोणी जात नाही.

म्हणून वाचकहो, आपापल्या धर्मग्रामाच्या आणि इस्पितळ समितीच्या पुढच्या वार्षिक सभेत पाच गोष्टी मागा. प्रत्येक मृत्यूवर, कोणाला दोष न देता, दर महिन्याला डॉक्टर आणि परिचारिकांची चर्चा होते काय? नेहमीच्या दहा आजारांसाठी लेखी, पुराव्यावर बेतलेली उपचारपद्धती वॉर्डात लावलेली आहे काय? शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग आणि सिझेरियनचे प्रमाण मोजले जाते काय? राष्ट्रीय पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये खासगी रुग्णालयांतील ४७ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, सरकारी रुग्णालयांत १४ टक्के. मग आपला आकडा कोणता, हे आपल्याला ठाऊक नको काय? तिशीवरील स्त्रियांची कर्करोग तपासणी कोणत्या वारी होते? आणि इस्पितळ एखाद्या संशोधनात सहभागी असेल, तर त्याच्या एथिक्स कमिटीवर आपल्यापैकी कोण बसते?

उत्तरे लगेच मिळणार नाहीत. कदाचित काही भुवया उंचावतील. धर्मभगिनींच्या त्यागावर आपण संशय घेतो, असा आरोपही होईल. त्याला भिऊ नये. ज्यांनी आपले तारुण्य रुग्णांच्या उशाशी घालवले, त्यांच्या हाती चाचपडत वापरायची औषधे नव्हे, तर पारखलेले उपचार असावेत, यासाठीच ही मागणी आहे. पुढच्या वर्षीच्या अहवालात देणगीदारांची यादी जरूर असू द्या. तिच्या आधी एक पान कोरे ठेवायला सांगा आणि त्यावर किती आले, किती बरे झाले, किती गेले आणि का, एवढे लिहून घ्या.